जस्ताचा चौथा नमुना

१९ मार्च २०१०

पकडीत बीकर धरलेलं असतानाच हॉटप्लेटमधून बारीक आवाज आला आणि तिचा लाल दिवा गेला. द्रावण निम्म्यावर आटलं होतं. मधासारखं व्हायला अजून तासभर लागला असता. मी बीकर तसंच हातात धरून उभी राहिले. खाली ठेवायला जागा होती. सुचलं नाही.

सुशीलाबाई फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली.

"गेली का जी?"

"गेली."

"जाईनच. सहा साल झाले, तिले एक दिवस उसंत देली नाही तुमी."

नवी प्लेट मागवायला सांगून आले. तोवर बीकर झाकून कपाटात. वरती चिठ्ठी लावली: ०.३.

शून्य झाला, ०.१ झाला, ०.२ काल जाळला. कोबाल्ट फेराइटमधून कोबाल्ट थोडा थोडा कमी करायचा, तितकंच जस्त घालायचं, आणि चुंबकत्वाचं काय होतं ते बघायचं. सहा नमुने, प्रत्येकात जस्त आधीच्यापेक्षा एक पायरी जास्त. माझा प्रबंध एवढाच आहे. ३० ऑक्टोबरला नोंदणीची मुदत संपते, त्याआधी प्रबंध द्यायचा. दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा वाढवून देत नाहीत.

२१ मार्च

रविवार. फुलचूरला घरीच. उमेंद्र कोहमाऱ्याच्या शाळेतून काल संध्याकाळी आला. तिथे शिकवतो, लग्नापासून शनिवार-रविवारच एकत्र. आज त्याने विचारलं, "जस्ताला लोहचुंबक ओढतं का?"

"नाही."

"मग चुंबकात जस्त टाकतेस कशाला?"

सहा वर्षांत त्याने पहिल्यांदा विचारलं. मी उत्तर जुळवत होते, तोवर तो पेपर वाचायला लागला.

बाबांचा राईस मिलमधला चुंबक माझ्या टेबलावर असतो. धान हलरमध्ये पडायच्या आधी त्याच्यावरून सरकायचं. खिळे, विळ्याचे तुकडे, कधी शर्टाचं बटण, सगळं त्याला चिकटून राहायचं. शाळेतून आले की तो पुसून काढणं माझं काम होतं. लोखंड ओढून काढताना हातात एक बारीक विरोध जाणवायचा. कुणीतरी आतून हळूच धरून ठेवलंय असा. मला अजून वाटतं की मी त्या विरोधाचाच अभ्यास करते. माझ्या मार्गदर्शक सरांना हे सांगण्यासारखं नाही.

२३ मार्च

नवी हॉटप्लेट आली. खोक्यातून काढली, तोवर सुशीलाबाई पदराच्या गाठीतून हळदकुंकवाची डबी काढून तयार. प्लेटच्या कडेला हळद लावली, कुंकू लावलं. मला हसू आलं.

"हसू नोका जी. नवी चूल आहे. आमच्याकडं नवी चूल उपाशी पेटवत नाही."

"ही विजेवर चालते, बाई."

"चालू द्या नं. गरम होते का नाही?"

०.३ चं बीकर वर ठेवलं. नव्वद अंश. त्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या. दहा वर्षं माझी काचभांडी धुतात. आज पहिल्यांदा म्हणाल्या, "यात असते काय?"

मी सांगितलं. यात लोखंडाची दोन घरं आहेत. दोन्ही घरांची तोंडं उलट दिशेला. एक इकडे ओढतं, एक तिकडे. दोघांची ताकद एकमेकांत मरते, वर उरतं ते थोडं. जस्ताला स्वतःची ओढ काहीच नाही. पण ते लहान घरात जाऊन बसतं आणि तिथल्या लोखंडाला मोठ्या घरात जावं लागतं. मग भांडायला कमी उरतात आणि एकूण ताकद वाढते.

सुशीलाबाईंनी बीकरमध्ये वाकून पाहिलं. "म्हंजे सून आली."

"हं, तसंच."

"अन् लय जस्त टाकलं त?"

"मग उलटं. दोन्ही घरांचा संबंधच तुटतो. ताकद कमी होते."

"जावा जास्त झाल्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. "मोहफुलं शिजवल्यावानी दिसून राहिलं पाहा. रंग बी तसाच."

प्राचार्यांचं बोलावणं आलं म्हणून खाली गेले. परीक्षेच्या ड्युट्या. पाऊण तास गेला असेल. वर आले तेव्हा द्रावणाचं घट्ट जेल होऊन फुगायला लागलं होतं आणि सुशीलाबाई हात पुसत प्लेटसमोर उभ्या होत्या.

एरवी ते पेटतं तेव्हा अनार पेटल्यासारखं होतं. ज्वाळा वर उसळते, दहा सेकंदांत सगळं संपतं. आज ज्वाळा आलीच नाही. कडेला एक लाल ठिपका उमटला आणि आत सरकू लागला. शेताच्या धुऱ्यावरचं वाळलेलं गवत जळत जातं, तसा. घाई नाही, आवाज नाही. त्याच्यामागे काळी राख फांद्या फुटल्यासारखी वर येत गेली, बीकरच्या तोंडाबाहेर आली, आणि तरी ठिपका चालतच होता. मी घड्याळ बघायला विसरले. चार मिनिटं असावीत.

गोड वास येत होता. मार्च आहे, मोह पडतोय. वारा सालेकसाकडचा असेल. खिडकी बंद होती, हे आत्ता लिहिताना आठवलं. फटीतून आला असेल.

२४ मार्च

सकाळी भुकटी काढली. वजन बाकीच्यांइतकंच. पण बाकीच्यांनी बाटली निम्मी भरते, ही काठोकाठ भरली. हाताला काहीच लागत नाही. धरलंय की नाही ते बघावं लागतं.

९ एप्रिल

०.४ आणि ०.५ झाले. दोन्ही अनारासारखे. सहाही नमुने भट्टीत चार चार तास तापवून झाले. लोडशेडिंगमुळे एक दिवस वाया गेला, बाकी ठीक.

सुशीलाबाई म्हणाल्या, "तीस तारखेले येजा मॅडम. माया शेवटचा दिवस आहे." येते म्हणाले.

३० एप्रिल

नागपूर. एक्स-रे यंत्राची वेळ नेमकी आजची मिळाली. सहाही बाटल्या मांडीवर घेऊन गेले. परत येताना डब्यात खिडकीशी जागा मिळाली. तुमसरच्या पुढे शेतं रिकामी, करडी, आणि त्यांच्यावरून उन्हाचं पाणी वाहत होतं. त्यातून गाडी जाते आणि ओली होत नाही.

सुशीलाबाई आज निवृत्त झाल्या. शाल-नारळ झालं, असं शालीकराम क्लार्क म्हणाले.

१२ मे

एक्स-रेचे आलेख आले. सगळे नमुने शुद्ध. कणांचा आकार काढला. शून्यचा ३६ नॅनोमीटर, ०.१ चा ३५, ०.२ चा ३४, ०.४ चा ३३, ०.५ चा ३१.

०.३ चा १९.

तीनदा गणित केलं. १९ च.

१४ जुलै

चुंबकत्वाचे आकडे मुंबईहून आले. इथे उतरवते. ६२, ६५, ६८, मग ८१, मग ६४, ५८.

८१ च्या खाली दोन रेघा ओढल्या. वर जाणार हे माहीत होतं. सगळ्या शोधनिबंधांत ०.२, ०.३ च्या आसपास थोडं वर जातं. थोडं. हा डोंगर आहे.

ईश्वरदास सरांना नागपूरला फोन केला. त्यांनी आकडे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "भूमेश्वरी, हे पाचवं प्रकरण. बाकी सगळं याच्या पुढेमागे लाव. शीर्षकसुद्धा बदलू." सहा वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही. पण शीर्षक बदलू म्हणाले.

१५ जुलै

रात्रभर पाऊस होता. सकाळी रस्त्यावर कुणी नव्हतं. कॉलेजला चालत जाताना वाटलं की प्रत्येक झाड, प्रत्येक खांब आपापल्या घरात उभं आहे आणि मी मधून जातेय. माझ्यात ओढ नाही. पण मी जिथून जाते तिथे काहीतरी थोडं सरकतं आणि जागेवर बसतं. फार दिवसांनी इतकी हलकी होते. बाटलीतल्या त्या भुकटीसारखी.

उमेंद्रला फोनवर ८१ सांगितले. "शंभरपैकी?" म्हणाला.

२४ ऑगस्ट

नियतकालिकाला शोधनिबंध पाठवला होता, त्यावर परीक्षकाचं पत्र आलं. सौम्य भाषा. कण लहान झाले की चुंबकत्व सहसा घटतं, कारण पृष्ठभागावरचे अणू शिस्तीत राहत नाहीत. तुमच्या ०.३ मध्ये कण सर्वांत लहान आणि चुंबकत्व सर्वांत जास्त. जस्ताने एकट्याने हे कसं केलं? नमुना पुन्हा तयार करून मोजावा.

बरोबर विचारलंय. मला हा प्रश्न १४ जुलैला पडायला हवा होता. मी रेघा ओढत होते.

३ सप्टेंबर

०.३ पुन्हा केला. तीच रसायनं, तेच माप, तीच हॉटप्लेट. अनारासारखा पेटला. दहा सेकंद. बाटली निम्मी.

९ सप्टेंबर

पुन्हा. अमोनिया थेंबाथेंबाने मोजून. अनार.

१६ सप्टेंबर

चौथ्यांदा, पाचव्यांदा. प्लेट ऐंशीवर, मग शंभरवर. अनार, अनार. सुशीलाबाईंच्या जागी अजून कुणी दिलेलं नाही. भांडी मीच धुते. एक बीकर फुटलं. दुसऱ्यांदा केलेली बाटली मुंबईला पाठवली, सरांनी ओळखीने लवकर मोजून द्यायला सांगितलंय.

उमेंद्रला शनिवारी म्हणाले की माझा हातच बदलला असेल. तो म्हणाला, "हात नाही, डोकं. झोप जरा."

४ ऑक्टोबर

आकडा आला. ६७. कण ३४ नॅनोमीटरचे. ओळीत बसणारा, शहाणा नमुना.

सर फोनवर शांत होते. "एक नमुना दोनदा वेगळा येतो. होतं असं. पहिलाही तूच केलास ना? खोटा आहे का तो?"

"नाही."

"मग पहिला ठेव. बांधणीला दे. परीक्षकाला मी बघतो."

खोटा नाही. हे खरंच आहे. ८१ मोजले गेले, ते माझ्याच बाटलीत होते. फक्त त्यांच्याखाली मी जस्त असं लिहिलंय.

७ ऑक्टोबर

बांधलेल्या पाच प्रती आल्या. काळं कापड, सोनेरी अक्षरं. पिशवीतच ठेवल्या.

मार्चची पानं उघडून वाचली. ठिपका, धुरा, चार मिनिटं. प्लेट नवी होती, एवढाच फरक दिसतो. पण पुढचे दोन नमुनेही त्याच प्लेटवर केले. आणि हळदकुंकू. कुंकू बीकरमध्ये पडलं असेल का? चिमूटभर कुंकवाने काय होणार.

भांड्यांचं कपाट आवरताना मागे, क्रूसिबलच्या रांगेआड, सुशीलाबाईंची एक पुरचुंडी सापडली. सुकी मोहफुलं. दुपारी चघळत असतील. त्यांची आहे, नेऊन दिली पाहिजे. ३० एप्रिलचं तर माझ्याकडून राहूनच गेलं. रविवारी जाईन, कुंकवाचंही विचारून येईन.

१० ऑक्टोबर

सकाळच्या पॅसेंजरने सालेकसा, सुशीलाबाईंचं गाव. पुरचुंडी पर्समध्ये. धान पिवळं पडायला लागलंय. खिडकीतून वाकलेली लोंब्यांची डोकी दिसत होती. सगळी एकाच बाजूला वाकलेली, कुणीतरी दुरून धरून ठेवल्यासारखी.

स्टेशनवर विचारलं तर चहावाल्याने मला नाव पूर्ण करू दिलं नाही. "कॉलेजवाल्या बाई नं? सिधे जाव, बोरिंग के बाजू में."

त्या अंगणात सूप सारवत होत्या. मला पाहून उठल्याच नाहीत. नुसत्या बघत राहिल्या.

"मॅडम? तुमी? इतक्या दूर कायले आल्या?"

"भेटायला."

"हाव, मले भेटाले येते कोनी." मग हात धुतले, खाट ओढली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी पर्समधून पुरचुंडी काढून दिली.

"हे तुमचं कपाटात राहिलं होतं."

त्यांनी गाठ सोडली, आत पाहिलं आणि हसल्या. "बाप्पा! हे आनलं का तुमी? हे त चुलीचे फुलं आहेत."

"कुठल्या चुलीचे?"

"तुमच्या."

सून पाणी घेऊन आली. मी पेला घेतला.

"नवी चूल आली नाही का, मार्चात? उपाशी कसी पेटवाची? तुमी सायबाकडं गेल्या, तवा टाकलं म्या. पाच फुलं. मंग उरले ते ठेवून देले, आनखी एखादी नवी आली त."

"बीकरमध्ये?"

"मंग कुठं? चुलीवर तेच होतं नं."

मी पेला हातात धरून बसले. खाली ठेवायला खाट होती.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं त टाकू देलं असतं तुमी?"

"नसतं."

"म्हनून नाही सांगितलं." त्यांचा चेहरा बदलला. "बिघडलं का जी काही?"

"नाही. चांगलं झालं. फार चांगलं झालं. तेच बिघडलं."

मग सगळं सांगितलं. डोंगर, ८१, निम्म्या बाटल्या, काळ्या कापडातल्या पाच प्रती. फूल म्हणजे साखर. साखर म्हणजे इंधन. इंधन वाढलं तर आग वेगळी लागते, सावकाश, आणि धुराने कण फुटून बारीक होतात. इतकं मला कळतं. पण ताकद का वाढली ते कळत नाही. कदाचित सावकाश आगीत जस्ताला आपल्या घरी पोहोचायला वेळ मिळाला. कदाचित फुलात आणखी काही असेल. मी लिहिलंय की हे जस्ताने केलं.

"अन् केलं फुलानं."

"हो."

"मंग लिवा नं तसं."

"तसं लिहायचं तर पुन्हा करून, पुन्हा मोजून लिहावं लागेल. तीन महिने तरी. तीस तारखेला मुदत संपते."

त्या सुपाच्या कडेवरचं शेण बोटाने सारखं करत राहिल्या. बोरिंगवर कुणीतरी दांडा हापसत होतं. मग म्हणाल्या, "मायी बी तीस तारीख होती."

मी पेला खाटेवर ठेवला.

"तुमी नागपूरले गेल्या होत्या. मालूम आहे मले. शालीकरामनं सांगितलं. त्याच शिश्या घेऊन गेल्या होत्या नं?"

"हो."

"मंग मी बी गेलीच थोडीसी," त्या म्हणाल्या आणि सुनेला ओरडल्या, "चाय मांड वं. साखर जास्त टाक. मॅडमले इंधन पायजे."

जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना पुरचुंडी परत माझ्या हातात दिली.

१२ ऑक्टोबर

काल दिवसभर प्रबंध वाचला. पाचवं प्रकरण काढलं तर प्रबंध उरत नाही. ठेवलं तर कुणालाही कळणार नाही. हे दुसरं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कारण ते खरं आहे. सालेकसाला अंगणात सूप सारवणारी एक बाई सोडली तर कुणाला कळणार? ती काही निबंध वाचत नाही.

मला ३० तारखेला प्रबंध घेऊन नागपूरला जायचं आहे. मला ते फार हवं आहे. हे इथे तरी लिहून ठेवते.

१६ ऑक्टोबर

सरांना सांगितलं.

"मोहाचं फूल," ते म्हणाले.

"पाच."

"आणि हे प्रबंधात लिहिणार. संदर्भ काय देणार? सुशीलाबाई, खासगी संभाषण?"

"तसाच द्यावा लागेल."

"मुदत?"

"माहीत आहे मला."

"नवी नोंदणी, पुन्हा समिती, पुन्हा दोन वर्षं. कॉलेज तोवर थांबेल तुझ्यासाठी?"

"ते माहीत नाही."

फोन ठेवतील असं वाटलं. मागे त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "पाच फुलांचं वजन केलंस?"

"नाही."

"कर आधी."

१७ ऑक्टोबर

उमेंद्रला सांगितलं. आधी तो हसला, मग हसायचा थांबला.

"पाच फुलांसाठी सहा वर्षं?"

तो उठून स्वयंपाकघरात गेला. डाळ-तांदळाचे डबे वाजले, कुकर लागला. भात त्याने आजवर कधी लावला नव्हता. पाणी जास्त झालं. दोघांनी खाल्ला. जेवताना तो म्हणाला, "त्या दिवशी तू सांगितलं नाहीस. जस्त कशाला टाकतेस ते."

मग सांगितलं. घरांचं सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

२५ ऑक्टोबर

धान कापणीला आलंय. दुपारी प्रयोगशाळेत एकटीच होते. खिडकीतून पिवळा उजेड येऊन सगळ्या काचांत थांबला होता. वाटलं, ठिपका अजून चालतोच आहे. मार्चपासून. कुठल्यातरी कडेने आत आत सरकतोय, आणि मी मागे राहिलेली राख मोजत बसले आहे.

३० ऑक्टोबर

सुशीलाबाई सकाळच्या गाडीने आल्या. अंगावर कॉलेजने दिलेली शाल. इतक्या उन्हात. शालीकरामनी विचारलं, "थंडी वाजते का जी?" तर म्हणाल्या, "त्या दिवशी धड पांघरू बी देली नाही, लगेच फोटो."

मी स्टूल पुढे केलं. त्या आधी त्याच्या शेजारी खाली बसल्या, मग उठून वर बसल्या. दहा वर्षांत या खोलीत त्यांना स्टुलावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

०.३ ची दोन बीकरं केली. एकात फुलं, एकात नाही. पुरचुंडीतून फुलं त्यांनीच निवडली. मी हात पुढे केला आणि ती वजनकाट्यावर ठेवली.

"तोलून देते का कोनी चुलीले?"

"मी देते."

०.९२ ग्रॅम. लिहून घेतलं.

द्रावण आटायला दुपार गेली. त्या गावातलं सांगत राहिल्या. बिसरामची म्हैस, सुनेचा हट्ट, वाघ दिसला म्हणणारे आणि न दिसलेला वाघ. नागपुरात विद्यापीठाचं ऑफिस पाचला बंद होतं. मला घड्याळाकडे बघायचं नव्हतं, आणि भिंतीवर दुसरं काही नव्हतं. पाच प्रती पिशवीत, दाराजवळ.

बिनफुलांचं बीकर आधी पेटलं. ज्वाळा उसळली, संपली.

"उपाशी होतं," सुशीलाबाई म्हणाल्या.

दुसरं घट्ट व्हायला लागलं तशी मी बाजूला झाले. त्यांनी पाच फुलं एकेक करून आत सोडली. तोंडाने काहीतरी पुटपुटल्या. मी काय म्हणून विचारलं नाही. या वेळी मी खोलीबाहेर गेले नाही. जेल फुगत वर आलं, थांबलं, आणि आम्ही थांबलो. बाहेर मालगाडी गेली. तिचे डबे मोजत होते, तेवढ्यात सुशीलाबाईंनी माझ्या दंडाला हात लावला.

कडेला ठिपका आला होता.

मी घड्याळ पाहिलं. पाचला सात मिनिटं होती. तो आत सरकू लागला. वास आला. खिडकी बंद होती. राख फांदी फांदी करत वर आली. आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या होतो आणि खोलीत दुसरं काहीच घडत नव्हतं. तो विझला तेव्हा पाचला दोन होती.

सुशीलाबाईंना साडेसहाच्या गाडीत बसवलं. डब्यात चढताना म्हणाल्या, "होईन नं जी?" मी म्हटलं, माहीत नाही. मान हलवली त्यांनी, हेच उत्तर अपेक्षित असल्यासारखी.

३१ ऑक्टोबर

सकाळी आठ वाजता कॉलेज उघडून घेतलं. दोन्ही भुकट्या काढल्या. वजन सारखं. एका बाटलीत निम्म्यापर्यंत, दुसरीत काठोकाठ. दुसरीवर चिठ्ठी लावली: कोबाल्ट ०.७, जस्त ०.३, मोहफुलं पाच, ०.९२ ग्रॅम, सुशीलाबाई. मग हॉटप्लेट पुसली. कडेचं कुंकू तसंच ठेवलं.